मोघम

मागच्या महिन्यात सहावीतली नात वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. विज्ञानाचा स्वाध्याय होता. पारदर्शक, अर्धपारदर्शक आणि अपारदर्शक वस्तूंची तीन-तीन उदाहरणे लिहायची होती. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा हे काम माझ्या हातचेच. काच, स्वच्छ पाणी, हवा. तेलकट कागद, दुधी काच, ट्रेसिंग पेपर. लाकूड, दगड, पत्रा. तिने भराभर लिहून घेतले. माझी मोठी बहीण, आमची आपा, चार दिवसांसाठी माहेरी आली होती. ती शेजारीच वाटाणे सोलत होती. आपाची शाळा चौथीत सुटली. तिने मान वर न करता विचारले, "अपारदर्शक म्हणजे आपलं मोघम का रे?"

(घरात आम्ही दखनी बोलतो. इथे सगळे मराठीत लिहितो आहे, एवढे समजून घ्यावे.)

मी हसलो आणि सवयीने चूक सुधारायला गेलो. म्हटले, अपारदर्शक ही वस्तू असते आणि मोघम असते ते बोलणे. दोन्ही वेगळे. आपा म्हणाली, "असेल. पलीकडचं दिसत नाही ते दोन्हीकडे सारखंच." आणि परत वाटाणे सोलू लागली. तिने टोमणा मारला नव्हता, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढे सांगतो. आधी या शब्दाविषयी.

'अपारदर्शक' हा पुस्तकातला शब्द. अलीकडे तो वर्तमानपत्रात वरचेवर दिसतो: अपारदर्शक कारभार, अपारदर्शक भरती, अपारदर्शक निविदा. 2005 साली माहितीचा अधिकार कायदा आला. आपल्या राज्याचा त्याच्या आधीच आला होता. तेव्हापासून पारदर्शकता हा शब्द भाषणांत रुळला आणि त्याच्या मागोमाग त्याचा उलटा शब्दही. पण घरात, बाजारात, नात्यागोत्यात कोणी अपारदर्शक म्हणत नाही. तिथे 'मोघम' म्हणतात. हा शब्द अरबी 'मुबहम'वरून आला असे कोशकार मानतात. उर्दूत मुबहम आजही 'अस्पष्ट' याच अर्थाने चालतो. असे बरेच शब्द आपल्याकडून मराठीत गेले आणि जाताना अंगरखा बदलून गेले. उर्दूत गुलदस्ता म्हणजे फुलांचा गुच्छ, पण मराठीत एखादी गोष्ट 'गुलदस्त्यात' असली की ती कोणाला कळू दिलेली नसते. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. मोघम मात्र अर्थ फारसा न बदलता आला आणि आपल्याकडे चांगलाच रमला.

आमचे अब्बा गुळाच्या आडत दुकानात दिवाणजी होते. मोघम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याकडून, आणि तो शिवीसारखा ऐकला. कीर्दीत कोणी 'किरकोळ खर्च' एवढेच लिहिले की अब्बा पेन खाली ठेवायचे. "किरकोळ म्हणजे काय? चहा, हमाली की सुतळी?" नोंद पुरी झाल्याशिवाय ते उठत नसत. जुन्या बाजारातल्या हत्ता पद्धतीविषयी ते आम्हाला सांगायचे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल हलताना बघत असे. 1939 च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने आणि पुढे 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने नियंत्रित बाजार समित्या उभ्या राहिल्या आणि उघड लिलाव आला. जनावरांच्या बाजारात रुमालाखालचे सौदे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे चालले. मी लहानपणी बैलबाजारात ते पाहिले आहेत. मला ती गंमत वाटायची, जादूच्या खेळासारखी. अब्बांना त्यात गंमत वाटत नसे. ते म्हणायचे, रुमालाखाली भाव नसतो रे, शेतकऱ्याचं पोरगं असतं.

आपल्या फिकहमध्ये यासाठी शब्द आहे: गरर. ज्या सौद्यात काय विकतो, किती विकतो, ते हाती येणार की नाही हेच कळत नाही, तो सौदा. पाण्यातला मासा, आभाळातले पाखरू, गाभण जनावराच्या पोटातले पिल्लू ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असा सौदा मना केल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच संग्रहात धान्याच्या ढिगाचीही हकीकत आहे. हजरतांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला होता. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. मी आलिम नाही, पण मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो माणूस खोटे बोलला नव्हता. त्याने कोरडे धान्य वर ठेवले होते, बस एवढेच.

आता त्या रात्रीचे.

अब्बा 2009 च्या पावसाळ्यात गेले. मागे आमचे पेठेतले घर, त्याच्या पुढच्या बाजूला रस्त्यावरचा एक गाळा, अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि आपा. शरियतचा हिशेब अवघड नाही. घराचे चाळीस हिस्से धरले तर अम्मीचा आठवा भाग म्हणजे पाच. उरलेल्या पस्तीसात भावांना दोन-दोन आणि बहिणीला एक या प्रमाणात आमचे चौदा-चौदा आणि आपाचे सात. 2014 साली अम्मी गेली. तिचे पाच त्याच प्रमाणात वाटले की आमचे सोळा-सोळा आणि आपाचे आठ. म्हणजे घराचा आणि गाळ्याचा पाचवा हिस्सा आपाचा. शाळेत मी मुलांना याहून अवघड अपूर्णांक शिकवले आहेत.

पण हा हिशेब मी आपाला कधी सांगितला नाही. नाकारलाही नाही. दरवर्षी ईदला ती आली की मी म्हणायचो, "आपा, तुझं काय ते बघू." कधी "तुझं आहेच गं". एकदा तर "हे घर तुझंच आहे" असेसुद्धा म्हणालो, आणि तेव्हा माझे डोळे भरून आले होते! धाकटा पुण्यात असतो. तो म्हणायचा, आपाचं चांगलं चाललंय, तिला कशाला पाहिजे, एकदा हक्कसोडपत्र करून घेऊ. मी त्याला हो म्हणत नव्हतो आणि नाहीही म्हणत नव्हतो. गाळ्याचे भाडे माझ्याकडे येत होते. ते पत्रे बदलण्यात, घरपट्टीत, मुलाच्या फीमध्ये जात होते. कुठे लिहिलेले नव्हते. दिवाणजींच्या मुलाचे हे काम.

तेलाचा कागद मी वर्गात नेहमी करून दाखवायचो. साधा कागद अपारदर्शक वाटतो तो काही जाड असतो म्हणून नव्हे. त्याच्या तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. तिथे प्रकाश इकडे तिकडे विखुरतो आणि पलीकडे पोचत नाही. तेलाने त्या फटी भरल्या की तोच कागद उजेड सोडू लागतो. त्या रात्री मला हे आठवले. आपा आणि माझ्यामध्ये भिंत नव्हती. न बोललेल्या लहान लहान फटी होत्या. पंधरा-सोळा वर्षांच्या.

हक्कसोडपत्राबद्दल थोडे बोलतो, कारण हा माझ्या एकट्याच्या घरातला प्रकार नाही. 'आमच्या बहिणींनी खुशीने सोडलं' हे वाक्य प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येते. बहिणीला स्वतःचा हिस्सा सोडायचा अधिकार आहेच. पण किती सोडते आहे हे तिला सांगितले होते का? गाळ्याचे भाडे किती, घराचा आजचा भाव काय, तिचे हिस्से किती, हे तिच्यापुढे ठेवून मग विचारले होते का? की तहसीलच्या कामासाठी म्हणून बोलावले, नाश्ता दिला आणि खूण केली तिथे सही करायला सांगितले? जिला आकडा माहीत नाही तिची खुशी मी कशी मोजायची? 1937 चा शरियत कायदा आला तेव्हा रूढीच्या नावाखाली मुसलमान बायकांचे वारसाहक्क बुडतात ही तक्रार पुढे होती. रूढी मोडली. तिची जागा मोघमने घेतली. महरचेही बऱ्याच घरांत हेच होते. निकाहनाम्यात मुअज्जल म्हणून आकडा लिहिला जातो, आणि तो कधी द्यायचा हे विचारणारी सून भांडखोर ठरते.

आता कोणी म्हणेल, झाकणे वाईटच का? तसे नाही. आमच्या अम्मीला मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची गुपिते ठाऊक होती. एका शेजाऱ्याच्या मुलाने गाळ्यातल्या गल्ल्यातून पैसे उचलताना तिने पाहिले होते. तिने त्याला एकट्याला बोलावून समजावले. तो पुढे शहाणा झाला, आणि ही गोष्ट अब्बांनासुद्धा तो गाव सोडून गेल्यावर कळली. दुसऱ्याचा ऐब झाकण्याचे मोठे पुण्य सांगितले आहे. सूरह हुजुरातमध्ये लोकांच्या मागे टेहळणी करायला आणि पाठीमागे बोलायला मनाई आहे. माणसाच्या लाजेवर पडदा हवाच. आम्ही मात्र नेमके उलट करतो. कोणाची मुलगी माहेरी का आली, कोणाच्या मुलाचे काय बिनसले, हे लग्नाच्या मांडवात काचेसारखे लख्ख असते. आणि भाडे कुणाकडे जाते यावर जाड गोधडी. काही मशिदींत महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहितात, ते मला फार आवडते. एका ठिकाणी मात्र मी हिशेब विचारला तेव्हा उत्तर मिळाले की अल्लाहच्या कामाचा हिशेब अल्लाह घेईल. घेईलच. मला त्या उत्तराचा रागही आला नाही, कारण माझे 'बघू' त्याच जातीचे होते.

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाविषयी नाही, देण्याघेण्याच्या कागदाविषयी आहे. सूरह अल-बकरहची 282 वी. देणे लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवायला कंटाळू नये, लिहिणारा नेक असावा, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय. त्यात एक बारकावा आहे, जो मी कितीतरी वेळा वाचून पुढे गेलो होतो: मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने. घेणेकऱ्याने मागायचे आणि देणेकऱ्याने 'बघू' म्हणायचे, अशी रीतच तिथे नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी धाकट्याला फोन केला. तो वैतागला. "आता हे मध्येच काय काढलंस?" म्हणाला. मी सांगितले की मध्येच नाही, पंधरा-सोळा वर्षे उशिरा काढतो आहे. तो अजून पुरता राजी नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

मग आपाला बसवले. नातीला म्हटले, तुझी वही आण, मी सांगतो ते लिही. सूनही येऊन बसली. चाळीस हिस्से, अम्मीचे पाच, आपाचे सात आणि एक मिळून आठ. आपा ऐकत होती. तिने एकदाच विचारले, "म्हणजे पाचातला एक?" मी हो म्हणालो. "हे मला अम्मीने सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला माहीत आहे की नाही ते कळत नव्हतं."

यावर मला काही बोलता आले नाही.

मग भाड्यावर आलो. अब्बा गेले तेव्हा गाळ्याचे भाडे महिना दीड हजार होते, आज सहा हजार आहे. मधल्या वर्षांत ते कधी आणि किती वाढले ते मला आठवेना. आपा म्हणाली, घरपट्टी आणि पत्र्यांचा खर्च माझ्या वाट्याचा कापून घे, त्याचं काही नाही. मी नातीला सांगितले, "लिही, 2012 पासून 2018 पर्यंत अंदाजे..."

"अंदाजे लिहू नकोस," आपा नातीला म्हणाली. आवाज हुबेहूब अब्बांचा.

नातीने पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी चप्पल घातली आणि जुन्या पावत्या आहेत का ते विचारायला गाळ्यातल्या भाडेकरूकडे गेलो. त्याच्याकडे सात वर्षांच्या निघाल्या. बाकीच्या तो शोधतो आहे.