पानाच्या माथ्यावर

पुस्तक वाचताना पानाच्या माथ्यावरची ओळ कोणी वाचते का? मी तरी साठ वर्षांत कधी वाचली नव्हती. डाव्या पानावर लेखकाचे नाव, उजव्यावर प्रकरणाचे, खाली एखादी बारीक रेघ. घरातला माणूस दारावरच्या पाटीकडे जितका पाहतो, तितकेच वाचक त्या ओळीकडे पाहतो. माझी तिच्याशी ओळख झाली ती बाबांच्या वह्यांमुळे, आणि ती काही सुखाची झाली नाही.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. नेर, लाडखेड, घाटंजी, मारेगाव अशा बदल्या होत होत उभा यवतमाळ जिल्हा त्यांनी शाळेच्या खिडकीतून पाहिला. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणींच्या पाच वह्या लिहिल्या. ते गेले, मागोमाग आई गेली, आणि वह्या ट्रंकेत राहिल्या. मी नोकरीतून मोकळा झालो तेव्हा भाच्याने आपला जुना लॅपटॉप दिला, वर्डची बाराखडी शिकवली, आणि मी एका बोटाने टाइप करायला बसलो. दोन पावसाळे गेले. पाने भरली २४०. एकेका गावाचे एकेक प्रकरण. आता फक्त माथ्यावर नावे घालायची राहिली होती. फक्त!

पहिल्या प्रकरणावर ‘नेर’ घातले, सगळ्या पुस्तकावर नेर झाले. म्हणून शेवटच्या प्रकरणावर जाऊन ‘मारेगाव’ केले, तर पहिल्या पानापासून मारेगाव. बाबांची सारी हयात क्षणात मारेगावला गेली. मी खोडायचो, ते परत यायचे. आठ दिवसांनी उमजले की वर्डमध्ये हेडर पानाचे नसतेच, ते विभागाचे असते. प्रकरणांच्या मध्ये ‘सेक्शन ब्रेक’ टाकावा लागतो. तो टाकला तरी नवा विभाग जुन्याचे बोट सोडत नाही. ‘लिंक टू प्रीव्हियस’ नावाची गाठ आपल्या हाताने सोडवावी लागते. त्यातही गंमत अशी की डाव्या-उजव्या पानांना वेगळी नावे द्यायची म्हटली, की ती निवड साऱ्या पुस्तकाला मिळून एकच. पण गाठी मात्र डाव्या पानाची निराळी आणि उजव्याची निराळी. एक सोडवून दुसरी विसरलात की फसलात. शिवाय मधला ब्रेक चुकून पुसला गेला, तर मागचा विभाग पुढच्याचे रूप घेतो. वारसाहक्काचा असा उलटा कायदा मी दुसरीकडे पाहिला नाही.

आमच्या आजोबांच्या पोथीत हा व्याप नव्हता. पाने सुटी, बांधणी नाही. म्हणून समासात ग्रंथाचे त्रोटक नाव आणि पानाचा आकडा, दुसऱ्या समासात ‘राम’. वाऱ्याने पान उडाले तरी ते कुठल्या पोथीचे हे उचलणाऱ्याला कळावे, एवढाच हिशेब. लिहिणारा प्रत्येक पानावर ते हाताने लिही, म्हणून जिथे जे हवे तेच तिथे येई.

आणि माथ्यावरचे नाव काय, ते खालच्या मजकुराला धरून असतेच असे कुठे आहे? आमच्या जिल्ह्याचेच पाहा. इंग्रजी अमलात वर्षानुवर्षे त्याचे नाव वणी जिल्हा आणि मुख्य ठाणे यवतमाळला. १९०५ साली पुसद तालुका जोडला तेव्हा कुठे नाव यवतमाळ झाले. बाबा १९४८ मध्ये नोकरीला लागले ते मध्यप्रांत व वऱ्हाडात. १९५० पासून ते मध्यप्रदेशात होते, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्ह्याची वेस न ओलांडता चार राज्यांची चाकरी! ते हे हसून सांगत. मीही टाइप करताना हसलो होतो.

हेडर एकदाचे जागेवर बसले. उजवीकडे गाव, डावीकडे सर्वत्र बाबांचे नाव. छापील प्रत काढून माईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, घाटंजीला वाचायला दिली. चौथ्या दिवशी तिचा फोन.

“काय रे, बाबा कधी कोळसे वेचाले गेले होते?”

लाडखेडच्या प्रकरणात तसे होते खरे. शकुंतला गाडीच्या रुळाकडेला, पहाटे कोणी उठायच्या आत, इंजिनातून पडलेले अर्धवट जळके कोळसे शेगडीसाठी वेचायला जाणे. “मास्तरांना सांगितले नाही,” असे पुढे वाक्य. मी समजलो, हेडमास्तरांना.

“हे आईनं लिहेल आहे,” माई म्हणाली. “मी होती ना तिच्यासंगं. टोपली मी धरत होती.”

मी तिसरी वही काढली. ती आईच्या अक्षरात आहे हे मला ठाऊक होते. तेव्हा बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ते दुपारी सांगत आणि आई लिहून घेई. सांगता सांगता बाबांचा डोळा लागे, हेही मी पाहिले होते. वही तशीच मांडीवर ठेवून आई मग काय करी, हे मात्र कधी मनात आले नाही. वहीत लिहिले होते, “मी गेली.” “मी बसली.” “मी घाबरली.” आणि माझ्या टंकलिखित प्रतीत होते: मी गेलो, मी बसलो, मी घाबरलो. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. लिहून घेताना चुकली असेल, अशा समजुतीने मी प्रत्येक क्रियापद नीट केले होते. मोजली, त्रेचाळीस भरली. ‘अनडू’ची कळ फाइल बंद केल्याबरोबर मागचे सारे विसरते. वही समोर ठेवून एकेक ‘गेलो’ परत ‘गेली’ केला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पाने अकरा निघाली, ९७ ते १०७. त्यांच्या माथ्यावर बाबांचे नाव ठेवणे शक्य नव्हते. दोन्हीकडे ब्रेक टाकले, गाठ सोडवली, आईचे नाव घातले. पाहतो तो १०८ पासून शेवटपर्यंत सारे पुस्तक आईच्या नावावर! पुढच्या विभागाची गाठ आधी सोडवायला हवी होती, ती मी विसरलो होतो. खोटे कशाला सांगू, काही वेळ ते तसेच पडद्यावर राहू दिले. मग आधी मागची गाठ, नंतर पुढची, असे क्रमाने केले आणि बाबांचे बाबांना दिले.

नाव मी रिवाजाप्रमाणे घातले होते: आईचे, मग बाबांचे, मग आडनाव. माईला फोनवर वाचून दाखवले.

“मधलं कशाले?” ती म्हणाली. “तेच तर काढाले सांगितलं तुले.”

मी मधले काढले. थोड्या वेळाने आडनावही काढले. तीन अक्षरे उरली.

दत्त चौकातल्या दुकानात फाइल छापायला दिली, तर तिथल्या मुलाचा दुसऱ्या दिवशी फोन आला. “काकाजी, मधल्या पानांवर दुसरंच नाव आलंय. सगळीकडे एकसारखं करून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे.” नको म्हणताना माझा आवाज जरा चढला असावा, तो पोरगा घाबरून दोनदा ‘बरं’ म्हणाला.

पुस्तक आल्यावर माईने पहिली चौकशी केली ती, आईचे नाव किती पानांवर आहे याची. डाव्या पानांवरच येते, मी सांगितले, म्हणजे पाच.

“पाच,” ती म्हणाली. जरा थांबून तिने विचारले, मामाकडे एक प्रत पाठवतोस ना, आणि पाठवशील तेव्हा त्या पानात खूण घालून पाठव.