जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत

कोरोनामुळे २०२० च्या ऑगस्टमध्ये नियम असा होता की जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास हवा, जिल्ह्यात फिरायला पास नको, आणि चारचाकीत ड्रायव्हर धरून चारच माणसं. आमच्या गाड्यांच्या ग्रुपचे बेत एरवी कोकणाचे, गोव्याचे असायचे. आता एका बाजूला कन्नडचा घाट, दुसरीकडे कायगाव टोक्याचा गोदावरीवरचा पूल, तिसरीकडे करमाडच्या पुढचा जालना रस्ता आणि वर फर्दापूर, इथे आमची हद्द संपत होती. आत नऊ तालुके होते. एवढ्यातच फिरायचं असं ठरलं.

आमचं शहर गाड्यांचं आहे. तेव्हा त्याचं नाव औरंगाबाद होतं. वाळूजला बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला स्कोडाचा. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली होती. आमच्या ग्रुपमधल्या गाड्या मात्र साध्या. कुणाची हप्त्यावरची नवी, कुणाची वडिलांपासून चालत आलेली. त्यांच्यावर जीव सारखाच.

मार्चपासून उभ्या राहिलेल्या गाड्यांनी आधी आमचा पिच्छा पुरवला. निम्म्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. दोघांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. एकाचा हँडब्रेक ओढलेलाच राहिला होता, तो इतका जाम झाला की चाक हलेना. जुलैत १० ते १८ तारखेपर्यंत शहरात कडक जनता कर्फ्यू होता. त्या दिवसांत आमचं बोलणं फोनवर एवढंच: रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही, बॅटरी भरायची तर गाडी थोडी फिरवावी लागते.

रविवारी उजाडताच नगर नाक्याला जमायचं, पण कुणी खाली उतरायचं नाही. काचेतून हात हलवायचा आणि सगळ्यांनी ग्रुप कॉलवर यायचं. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. रस्ता पाठ असलेला पुढे, मेकॅनिकचं थोडंफार जाणणारा सगळ्यात मागे. डबा घरचा, पाणी घरचं. गावात थांबायचं नाही, यावर आम्ही फार काटेकोर होतो. एप्रिलमध्ये गावागावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. शहरातून आजार येईल ही त्यांची भीती खरी होती, आणि आपल्या करमणुकीपायी ती वाढवायचा आम्हाला हक्क नव्हता.

पहिला रस्ता नेहमीचाच घेतला. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर आणि समोर देवगिरी. दौलताबादच्या घाटातला जुना दरवाजा अरुंद आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे अर्धा-अर्धा तास गाड्या अडकतात. त्या रविवारी आम्ही न थांबता पार झालो. पुढे कागजीपुरा, मग खुलताबाद. तिथून वेरूळकडे उतरताना सगळं हिरवं. शेतांत मका डोक्याएवढा, अद्रकाचे वाफे, मधे कपाशी. लेणी १७ मार्चपासून बंद होती. कैलास पाहायला जगभरातून माणसं येतात, त्या फाटकाला कुलूप. गाईड, फोटोवाले, मूर्ती विकणारे कुणीच नव्हते. त्या लोकांचं घर कसं चालत असेल, यावर कॉलवर बराच वेळ बोलणं झालं. पुढच्या वेळी काही पाकिटं जमवून आम्ही ओळखीच्या एका गाईडकडे दिली, त्यांनी ती वाटली.

या फेऱ्यांचं मोल मला खऱ्या अर्थाने कळलं ते आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांमुळे. ते सरकारी रुग्णालयात कोविड वॉर्डात काम करायचे. घरी वेगळ्या खोलीत राहायचे, ताट दाराबाहेर ठेवलं जायचं. दोन मुलं, धाकटी पहिलीतली. बाप घरातच आणि भेटायचं नाही, हे तिला समजावता समजावता वहिनी थकल्या होत्या. ग्रुपमध्ये कुणीतरी सुचवलं, डॉक्टर, तुम्ही तुमची गाडी घ्या, वहिनी माझी नेतील. माझी दुसरी गाडी तशीही उभीच आहे. डॉक्टर आधी नको म्हणाले. मग आले. एका गाडीत ते एकटे, त्यांच्या मागच्या गाडीत वहिनी आणि मुलं.

कन्नडच्या घाटाकडे निघालो होतो. धाकटीने कॉलवर सुरुवात केली, बाबा, उजवीकडे मोर. बाबा, ढग खाली आलाय. बाबा, तुमचा ब्रेक लाइट लागला. आम्ही सगळे गप्प राहिलो, कॉल त्या दोघांनाच सोडला. घाटमाथ्याच्या अलीकडे रुंद जागा पाहून गाड्या अंतर ठेवून लावल्या. खाली चाळीसगावकडचा सखल मुलूख धुक्यात होता, तो जळगाव जिल्हा, तिथे जायचं नव्हतं. डॉक्टर आपल्या बॉनेटपाशी उभे राहिले, मुलं वहिनींच्या गाडीच्या दाराशी. मधे दोन गाड्यांएवढं अंतर. दोन्हीकडे एकाच घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जेवताना धाकटी सारखी बोलत होती आणि डॉक्टर एकेका प्रश्नाचं पूर्ण उत्तर देत होते.

जालना रस्त्याला आम्ही एकदाच गेलो. ८ मेच्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या मधे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली होती. मध्य प्रदेशातली माणसं. जालन्याहून रुळाच्या कडेने चालत भुसावळला निघाली होती, तिथून गावाकडची रेल्वे मिळेल म्हणून. करमाडपाशी आलो तेव्हा पुढच्या गाडीतल्या काकांनी एवढंच सांगितलं, रूळ इथून जवळ आहेत. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे गाडी आहे, पेट्रोल आहे, परतायला घर आहे, हे त्या दिवशी फार टोचलं. त्या बाजूला पुन्हा फेरी काढायची नाही असं कुणी ठरवलं नाही, पण कुणी सुचवलंही नाही.

पैठण मात्र सगळ्यांना हवं होतं. संत एकनाथांच्या पालखीची पायी वारी त्या वर्षी झाली नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. आमच्यातल्या एका काकूंची अनेक वर्षांची वारी चुकली होती. सप्टेंबरात जायकवाडी भरलं आणि दरवाजे उघडले. धरणाचे २७ दरवाजे, सुटणाऱ्या पाण्याचा आवाज गाडीच्या बंद काचांतूनही येत होता. काकूंनी काच खाली केली, पाण्याकडे पाहून हात जोडले आणि नाथांच्या समाधीच्या दिशेनेही जोडले. मंदिर बंद होतं.

२ सप्टेंबरपासून ई-पासची अट गेली होती. लोणावळा, महाबळेश्वरचे बेत सुरू झाले, पण आम्ही जिल्ह्यातच राहिलो. डॉक्टरांना रात्री ड्यूटी असायची, त्यांना दुपारपर्यंत घरी पोचवायचं तर एवढाच परीघ सोयीचा होता. १० डिसेंबरला वेरूळची लेणी उघडली. तोवर डॉक्टरांची वॉर्डातली पाळी संपली होती. ते आणि मुलं एकाच गाडीतून आले.

मार्च २०२१ मध्ये शहरात पुन्हा निर्बंध लागले आणि फेऱ्या थांबल्या. ग्रुप कॉल मात्र तसाच राहिला. चिकलठाण्याच्या मेल्ट्रॉन कोविड हॉस्पिटलबाहेर आणि खासगी रुग्णालयांबाहेर नातेवाईक उपाशी बसलेले असायचे. त्यांच्यासाठी काकूंच्या आणि वहिनींच्या स्वयंपाकघरातून डबे निघायचे. सिडको एकाकडे, उस्मानपुरा दुसऱ्याकडे, हर्सूलची बाजू माझ्याकडे. डॉक्टर फोन करून सांगायचे, आज कुठे किती डबे लागतील.