मोजून दिलेले पोलाद

समुद्र आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून बराच लांब. पिण्याचे पाणीही दिवस मोजून भरणारी आम्ही माणसे. आम्हांला युद्धनौकांचे काय? तरी वर्गात महायुद्धाचा धडा आला, की मी ‘दिल्ली’ या क्रूझरपाशी रेंगाळतोच. १९४८ साली भारताने ती ब्रिटनकडून घेतली आणि मुंबई बंदराने तिला पुढे तीस वर्षे पाहिले. तिचे आधीचे नाव ‘अकिलीज’. गोदीत सांगाडा उभा राहण्याआधीच तिचा आकार करारांच्या मेजावर ठरून गेला होता.

पहिल्या महायुद्धाने सगळ्यांचे खिसे रिकामे केले होते. १९२२ साली वॉशिंग्टनला ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स आणि इटली यांनी ठरवले, की मोठे लढाऊ जहाज ३५,००० टनांच्या आत आणि क्रूझर १०,००० टनांच्या आत बांधायची. १९३० च्या लंडन करारात क्रूझरांच्या एकूण टनांवरही हद्द आली. वजन करताना माणसे, शिधा, दारूगोळा सारे धरायचे. इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी मात्र सोडायचे. पाण्याची घागर खाली ठेवून वारकऱ्याला तराजूत बसवावे, तसेच हे!

मग आराखडे करणाऱ्यांची कसोटी लागली. ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ या जहाजांच्या नऊही मोठ्या तोफा पुढच्या अंगाला दाटीने बसवल्या. तोफा जवळ आल्या, की जाड चिलखत कमी लांबीला पुरते. जहाजे दिसायला बेढब झाली. प्रकाशकाच्या सांगण्यावरून कादंबरीतली प्रकरणे गाळताना मला ती हटकून आठवतात.

एकदा एका मुलीने विचारले, “सर, ‘अकिलीज’च्या तोफांच्या बुरुजांना एकच इंच पोलाद का?” मी फळ्यावर मांडून दाखवले. पोलाद जाड केले, की वजन वाढते. तोच वेग हवा तर इंजिने मोठी लागतात. मग जहाजही मोठे होते. आणि टनांची बेरीज ठरलेली, म्हणून जहाजांची संख्या घटते. ब्रिटनला तर साऱ्या समुद्रांवरच्या वाटा राखायच्या. त्याने सुमारे ७,००० टनांची, सहा इंची आठ तोफांची जहाजे पत्करली. मुलगी म्हणाली, “म्हणजे आतल्या माणसांचे काय व्हायचे, ते आधीच ठरले होते.” मी खडू खाली ठेवला.

जर्मनीला व्हर्सायच्या तहाने १०,००० टनांची मुभा होती. तिने तेवढ्यात अकरा इंची सहा तोफा बसवल्या, वजन वाचवायला वेल्डिंग केले, डिझेल इंजिने घातली आणि तरीही हद्द गुपचूप ओलांडली. असे एक जहाज, ‘ग्राफ श्पे’, १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाबाहेर ‘अकिलीज’समोर आले. त्याचा एक गोळा सुमारे ३०० किलोंचा, हिचा ५० किलोंचा. गोळ्याचे तुकडे ‘अकिलीज’च्या नेम धरण्याच्या मनोऱ्यात घुसले, त्या दिवशी तिच्यावरचे चार जण गेले. सोबतची ‘एक्झेटर’ मोडून मागे सरली, पण ‘अकिलीज’ आणि ‘एजॅक्स’ यांनी पाठ सोडली नाही. चार दिवसांनी ‘ग्राफ श्पे’ तिच्याच कप्तानाने माँटेव्हिडिओजवळ बुडवली.

जपान बाहेर पडला आणि १९३६ अखेर वॉशिंग्टनचा करार संपला. त्याला हसण्याची रीत आहे. मला हसू येत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेली पाच राष्ट्रे इतकी वर्षे एका तराजूपुढे बसली, हेही थोडे नव्हे.

‘दिल्ली’ १९६१ साली दीवच्या मोहिमेत लढली आणि १९७८ साली निवृत्त झाली. ‘अकिलीज’वरचे बरेच खलाशी न्यूझीलंडचे; म्हणून तिच्या तोफांचा एक बुरूज ऑकलंडच्या नाविक तळावर ठेवला आहे. पोलाद तेच, एक इंचाचे.