चार्जिंग चांगलं होतं, ब्रेक लागला नाही



परवा वणीच्या बाजारात कापसाच्या रांगेत उभा होतो, तर दोघा-तिघांनी माझ्या पिकअपभोवती चक्कर मारली. दरवाजे पांढरे, बोनेट निळं, हौदा तिसऱ्याच गाडीचा. एकानं विचारलंच, "भाऊ, कितीले पडली?" सगळं धरून पावणेदोन लाख, कागदपत्रांचा खर्च वेगळा. आकडा ऐकला की माणूस तिथूनच भंगारवाल्याकडे निघतो. म्हणून यंदा नाल्याच्या उतारावर काय झालं ते लिहून ठेवतो.

आमच्या राजूरला कोळशाची खाण, चुन्याच्या भट्ट्या, आणि त्यांच्या मधे आमची काळी जमीन. रस्त्यावर कोळशाच्या गाड्यांची रांग तुटत नाही, पण कापूस न्यायला एक गाडी वेळेवर मिळेल तर शपथ. वेचा घरात येऊन पडतो, ढग दाटतात, आणि गाडीवाला म्हणतो उद्या येतो. नवी पिकअप आठ एकरांच्या कापसावर परवडणारी नाही. म्हणून मागच्या उन्हाळ्यात एका चुनाभट्टीच्या आवारात सहा वर्षांपासून निंबाखाली उभी असलेली महिंद्राची जुनी डीआय पिकअप ४० हजारांत घेतली. इंजिनात पाणी शिरून पिस्टन जाम, गिअरबॉक्स अर्धा खोललेला, हौद्याच्या तळातून जमीन दिसायची.

घेण्याआधी एक काम मात्र नीट केलं. चेसिसवरचा गंज घासून नंबर काढला, आरसीशी एकेक अंक जुळवला, बँकेचा बोजा उतरलेला आहे का पाहिलं. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर हातोडीनं ठोकत गेलो. चांगलं लोखंड घंटीसारखं वाजते, सडलेलं भद्द वाजते. इंजिन बदलता येते, चेसिस सडलेली असली तर ती गाडी नाही, फक्त वजन आहे.

इंजिन अपघातात चेपलेल्या तशाच दुसऱ्या गाडीचं मिळालं, पावतीसकट. ही डीआय इंजिनं आपल्याला परकी वाटत नाहीत. मिस्त्री लोक त्याला ट्रॅक्टरचंच इंजिन म्हणतात. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली, तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरवर आपल्या बापजाद्यांनी नांगरणी केली. घरात जुना ट्रॅक्टर असला की डिझेल लाईनमधली हवा काढणं, नोझल पाहणं, टॅपेट सेट करणं हात आपोआप करतात. एकदा चालू झालं की त्याला बॅटरीची गरज नाही, बंद करायला दोरी ओढायची. पंप आणि नोझल तेवढे वणीला टेस्टिंग करून आणले. लाकडी तिपाईला चेन पुली लावून मी आणि पुतण्यानं इंजिन बसवलं. मृगाच्या आधी दोन दिवस पहिला धूर निघाला. घरच्यांनी नारळ फोडला. मी तिथंच चिखलात बसून घेतलं, पाय चालत नव्हते.

कागदाचं थोडं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. भंगारातून त्यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली, कौतुक केलं, आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. कौतुक करतानाच ते हेही बोलले होते की नियमात बसत नसल्यानं ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून मी गाडी 'बनवली' नाही, होती तशी परत जुळवली. त्याच जातीचं इंजिन, आरटीओची परवानगी आधी, मग नवा इंजिन नंबर आरसीवर. यवतमाळच्या चकरा झाल्या, पण सप्टेंबरात पासिंग झालं.

पासिंगला ब्रेक एकदम पक्के होते. का नसतील? ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये मी भंगाराचा एक नट लावला नव्हता. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज, लायनर, टाय रॉड एंड, सगळं डब्यातलं नवं. चार लोकांना मी ते छाती फुगवून सांगायचो.

ऑक्टोबरच्या शेवटी अल्टरनेटर जळाला. पहिला वेचा तोंडावर. घुग्घुस रोडवरच्या एका कटाईवाल्याकडून जुना आणला, संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात बसवला, मीटर लावला. चार्जिंग भारी, लाईट लख्ख. काम झालं. पुढचे काही दिवस पेडल थोडं जड लागत होतं. म्हटलं, लायनर अजून बसले नसतील.

दिवाळीनंतरची गोष्ट. हौद्यात आठ-नऊ क्विंटल कापूस, आणि त्यावर वेचणाऱ्या दोन बाया. गावाकडे जाताना सगळेच बसवतात, मीही बसवल्या. शेतातून नाल्याकडे उतार आहे, तो चढून वर आलं की दुसऱ्या बाजूनं परत उतार, आणि तो सरळ कोळशाच्या रस्त्याला भिडतो. पहिल्या उताराला दोनदा ब्रेक मारला, लागला. दुसऱ्या उताराला पाय दिला आणि पेडल दगड! खाली जातच नाही. दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा गाडी जराशी आवळली. समोरून हायवाचा आवाज येत होता. हँडब्रेक ओढला, गिअर दुसऱ्यात कोंबला, आणि स्टिअरिंग डावीकडे शेजाऱ्याच्या तुरीत घातलं. सहा-सात तासं आडवी झाली. गाडी थांबली. हायवा धूळ उडवत निघून गेला, त्याला काही समजलंही नसेल.

मागे पाहायची हिंमत होत नव्हती. दोघी कापसात रुतून बसल्या होत्या, कुणाला खरचटलं नाही. त्यातली मावशी माझ्या आईच्या वयाची. खाली उतरली, पदरावरचा कापूस झटकला आणि म्हणाली, "गाडी तूनंच बनवली न बापा? मंग तूच बस तिच्यात." आणि चालत निघाली.

दुसऱ्या दिवशी चाचा मिस्त्री आले. चाकं खोलली, सगळं कोरं. मी म्हटलं, चाचा, ब्रेकचं सगळं नवं आहे. ते बोनेटमध्ये वाकले आणि विचारलं, "अल्टरनेटर कब बदला?" मला वाटलं ते विषय बदलत आहेत.

आपण ट्रॅक्टरवाले इथंच फसतो. ट्रॅक्टरच्या ब्रेकचा अल्टरनेटरशी काही संबंध नसतो. या पिकअपमध्ये पायाच्या जोराला मदत करायला बूस्टर असतो आणि तो व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेत झडप असते, त्यामुळे इंजिन स्वतःच ती ओढ तयार करते. आपल्या जुन्या डिझेलला ती झडपच नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि तो बसवलेला असतो अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच शाफ्टवर. पंपातल्या पात्यांना इंजिनाचं ऑइल एका बारीक नळीतून मिळते. मी आणलेल्या अल्टरनेटरची पाती आधीच घासलेली होती, आणि घाईत जोडताना ती नळी मी साफ केली नव्हती. आतून काजळीनं निम्मी बुजलेली. म्हणजे एका वस्तूची दोन कामं, मी मीटर लावून एकच तपासलं. बूस्टरमधली शिल्लक ओढ पहिल्या दोन ब्रेकला संपली. ब्रेक गेले नव्हते, मदत गेली होती. भरलेल्या गाडीला उतारावर हा फरक फार मोठा नसतो.

नवा व्हॅक्यूम पंप, नवी नळी, होजमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हे सगळं एका वेच्याच्या मजुरीपेक्षा कमीत झालं.

चाचांनी शिकवलेली तपासणी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आजच करून पाहा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी काढू नका, आधी व्हॅक्यूम पाहा. नंतर इंजिन बंद करून थोड्या वेळानं पेडल दाबा. पहिल्या दाबालाच कडक लागलं तर ओढ कुठूनतरी गळते आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी रोज सकाळी करतो, पुतण्या हसतो.

हौद्यात माणूस बसवणं मात्र बंद. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हा नियम मला तेव्हाही माहीत होता, आणि अशा वेळी विमाही मिळत नाही. आता बायांना न्यायला-आणायला ऑटो सांगतो. खर्च वाढला, वाढू दे.

शेजाऱ्यानं तुरीचे पैसे घेतले नाहीत. माझी तूर निघाली की त्याच्या घरी दोन पायली पोचवीन म्हणतो. मावशी दुसऱ्या वेच्याला आली, ऑटोनं आली. गाडी बांधावर उभी होती, तिच्याकडे पाहिलं नाही तिनं. दुपारी भाकर मात्र तिच्याच सावलीत बसून खाल्ली.