सोळा रस्त्यांचा नकाशा

लातूरच्या गंजगोलाईभोवती १६ रस्ते फुटतात आणि जवळपास प्रत्येक रस्त्याला स्वतःचा धंदा आहे. कुठे सराफ लाईन, कुठे कापड लाईन, कुठे भुसार लाईन. गूळ, मिरची, चपला यांनाही आपापली जागा. मधोमध जगदंबेचं मंदिर. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने हा आराखडा आखला आणि १९१७ मध्ये गोलाईची दुमजली इमारत उभी राहिली. निजामाच्या राज्यातल्या एका पेठेत झालेलं हे काम नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी पायी हिंडून पाहावं, इतकं मोलाचं आहे.

त्याआधी सहा वर्षं, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट लातूरला पोचली होती. शेतमाल बाहेर जायला वाट मिळाली, व्यापारी आले, आणि त्या व्यापाराला शिस्तीची जागा हवी होती. गोलाईने ती दिली. शहरात पैसा कुठून येतो हे आधी ओळखायचं आणि मग त्याच्या सोयीने रस्ते आखायचे, हा क्रम तिथे पाळला गेला. आजच्या विकास आराखड्यांत तो बहुतेक वेळा उलटा असतो. नकाशा कार्यालयात तयार होतो, आरक्षणं पडतात आणि लोकांना बोलावलं जातं ते हरकती-सूचना नोंदवायला.

गोलाईभोवतीच्या हातगाड्या आणि फुटपाथवरच्या भाजीवाल्या ही याच बाजारपेठेची खालची पायरी आहे. २०१४च्या केंद्रीय फेरीवाला कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या. ही तरतूद मनापासून वापरली, तर रस्ता मोकळा ठेवणं आणि पोट चालवणं या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर बोलता येतील. अतिक्रमण हटाव मोहिमेतून हे कधी साधत नाही. गाड्या उचलल्या जातात आणि काही दिवसांत परत येतात.

लातूरची दुसरी पेठ शिक्षणाची. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून ‘लातूर पॅटर्न’ घडला: सुट्टीतही वर्ग, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, चुकलेल्या उत्तरांची शिक्षकांसोबत उजळणी. राज्यभरातून मुलं येऊ लागली आणि त्यांच्यामागे एक अख्खी अर्थव्यवस्था उभी राहिली. खोल्या भाड्याने देणारी कुटुंबं, डबे करणाऱ्या बाया, मेस, झेरॉक्सची दुकानं, रिक्षावाले. ही अर्थव्यवस्था कुठल्याही सरकारी योजनेने आखलेली नाही. शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे थेट निवडणुकीतून लातूरचे नगराध्यक्ष झाले, यावरूनही शहराने शिक्षणाला काय स्थान दिलं ते कळतं. तरीही या मुलांच्या पाण्याचा, रात्रीच्या दिव्यांचा, अभ्यासिकांचा विचार करायचा, तर त्या मेसवाल्या बाईला विचारावं, असं नियोजनात अजून कोणाला सुचत नाही. माझ्या मते लातूरच्या पुढच्या आराखड्याची पहिली बैठक तिच्याकडेच व्हायला हवी.

लोकांना विचारून काम करण्याची सवय या जिल्ह्याला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचं पुनर्वसन झालं. त्यापलीकडे लातूर आणि उस्मानाबादच्या बाराशेहून अधिक गावांत घरदुरुस्तीचं काम चाललं. तिथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. अनुदान कसं मिळतं, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या शेजारणींना सांगत आणि गावाच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. ज्यांच्या घराला तडे गेले होते, त्याच बायका नियोजनाचा भाग झाल्या.

मग २०१६चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्याच काळात डॉ. अशोक कुकडे यांच्या पुढाकाराने ‘जलयुक्त लातूर’ ही नागरिकांची चळवळ उभी राहिली. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, सगळ्यांनी वर्गणी काढली आणि साई ते नागझरी हे मांजरा नदीचं सुमारे १८ किलोमीटरचं पात्र खोल-रुंद करण्यात आलं. पाणी नाही तर मुलं येणार नाहीत, मुलं नाहीत तर शहर चालणार नाही, हे गणित प्रत्येकाच्या घरात मांडलं गेलं होतं.

शेजारच्या नांदेडची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. निजामकाळातली उस्मानशाही गिरणी बंद पडली आणि तिच्याबरोबर कामगार वस्त्यांचा नेमाचा पगार गेला. पुढे केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानात शहराची निवड झाली. ऑक्टोबर २००८च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीसाठी रस्ते, पूल, घाट आणि विमानतळाची कामं झपाट्याने झाली. शहराचं रूप पालटलं, हे मान्यच करायला हवं. पण तखत सचखंड हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकाची सोय यात्री निवासात होते, जेवण लंगरमध्ये होतं, आणि सचखंड एक्स्प्रेसने तो अमृतसरकडे परततो. गुरुद्वाराभोवतीच्या कडे-किरपाणीच्या दुकानांपलीकडे त्याने काय पाहावं, काय न्यावं, हे ठरवायचं काम बाकी आहे. माहूर आणि कंधार याच जिल्ह्यात आहेत. वजिराबादची बाजारपेठ आणि गोदावरीचे घाट तर पायी जाण्यासारखे. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे शहराच्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. ती कागदावरून उतरवून वजिराबादचे दुकानदार, रिक्षाचालक आणि गिरणी कामगारांची मुलं यांना एकत्र बसवावं आणि भाविकाचा एक मुक्काम वाढवायला काय लागेल, एवढाच विषय त्या सभेपुढे ठेवावा.