देवळाली कॅम्प ते भीमा कोरेगाव

३१ डिसेंबरच्या रात्री कॅम्पात नववर्षाचे गाणे-बजावणे रंगात आले होते, तेव्हा आम्ही वस्तीतील पन्नास जण भाकरी-चटणी बांधून बसमध्ये बसलो होतो. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावच्या वाटेवर आपल्या बांधवांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. तेव्हापासून काही घरांनी बायका-मुलांना पाठविणे बंद केले होते. यंदा आमच्या भगिनींनीच बजावले, "भीतीने घरी बसायचे, तर जयभीम तरी कशाला म्हणायचे?"

सिन्नर, संगमनेर, चाकण मागे टाकीत पहाटे वाहनतळावर उतरलो. तेथून पुढे पोलीस बंदोबस्तात दुसऱ्या बसने. उजाडले तेव्हा समोर निळ्या झेंड्यांचा आणि पांढऱ्या वस्त्रांचा जनसागर होता.

आम्ही नाशिकचे. १९३० साली काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आमच्या आजा-आजीच्या पिढीने सत्याग्रह केला. विजयस्तंभाला दारच नाही! पुजारी नाही, नवस नाही. जपानमध्ये वर्ष सरताना बुद्धविहारांत लोक लोटतात, घंटेचे १०८ टोल पडतात. तेथे मागचे क्लेश सोडायचे असतात. येथे आम्ही १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या महार शिपायांचे स्मरण करतो. पुढे इंग्रजांनीच आपल्या लोकांना सैन्यभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब येथे आले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले.

तीन तासांनी स्तंभाजवळ पोहोचलो. आमच्यातील सातवीची मुलगी शिळेवरील नावे वाचू लागली. शेवटी 'नाक' असलेली दोन नावे वाचून होतात तोच मागून हाक आली, "चला, पुढे चला!" ती रडवेली झाली. "एवढ्या लांबून आलो आणि नावे राहिलीच की, काका!"

आम्ही वरमलो. दरवर्षी येतो, फोटो काढतो. सगळी नावे आमच्यापैकी कोणाला पाठ होती? परतीच्या बसमध्ये पुस्तिकेतून तिने एकेक नाव वाचले, आम्ही मागून म्हटले. बसमध्ये दुसरा आवाज नव्हता.

बंधू-भगिनींनो, पुढच्या १ जानेवारीला जरूर चला, कुटुंबासह चला. पण निघण्यापूर्वी मुलांकडून ती नावे घरी एकदा वाचून घ्या. गर्दीत डोळ्यांना स्तंभ दिसतो. माणसे दिसायची तर वाचावेच लागते.

जयभीम!