मोहीम मॉस्कोची, नजर मोमंद यांची

अफगाण अंतराळवीर अब्दुल अहद मोमंद अवकाशात गेले ते सोव्हिएत संघाच्या गरजेपोटी, हे आधीच मान्य करायला हवे. एप्रिल १९८८ मध्ये सोव्हिएत माघारीचा जिनिव्हा करार झाला, मे महिन्यात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून परतू लागले आणि २९ ऑगस्टला बैकानूरहून मोमंद यांना घेऊन ‘सोयूझ टीएम-६’ यान झेपावले. माघार घेणाऱ्या सत्तेला मैत्रीचे एक झळझळीत चित्र हवे होते. त्यामुळे गझनी प्रांतात जन्मलेल्या या लढाऊ वैमानिकाला नुसता मिरवायला नेलेला पाहुणा ठरवणे सोपे जाते. मला तो अन्याय वाटतो. राकेश शर्माही १९८४ मध्ये मित्रदेशांच्या अंतराळवीरांना नेणाऱ्या त्याच सोव्हिएत इंटरकॉसमॉस योजनेतून गेले होते; त्यांना आपण पाहुणा म्हणत नाही. हेतू सत्तेचा असला, तरी यानात बसलेल्या माणसाची दक्षता त्याची स्वतःचीच असते.

याचा पुरावा ६ सप्टेंबरचा आहे. ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावरून मोमंद आणि कमांडर व्लादिमीर ल्याखोव ‘सोयूझ टीएम-५’ने परत निघाले. क्षितिज टिपणारे संवेदक गोंधळले, पुढच्या प्रयत्नात इंजिन सहाच सेकंदांत बंद पडले. राहण्याचा कक्ष आधीच सोडून दिला होता. दोघे अवतरण-कुपीच्या अरुंद जागेत कोंडले गेले, शौचालयही उरले नव्हते. आणि तशात मोमंद यांच्या लक्षात आले, की इंजिनाचा भाग यानापासून अलग करण्याचा क्रम आपोआप चालूच आहे. तो भाग सुटला असता, तर परतीचा मार्गच खुंटला असता. त्यांनी ल्याखोवना सावध केले, ल्याखोवनी तो क्रम थांबवला. दुसऱ्या दिवशी दोघे सुखरूप उतरले. निर्णय अनुभवी कमांडरचाच होता, हे खरे. पण धोका वेळेवर दिसला नसता, तर निर्णय घ्यायला उसंत कुठे होती?

याहून जड आक्षेप युद्धाचा आहे. अफगाण खेडी बेचिराख करणाऱ्या सत्तेचे यान त्यांनी स्वीकारले, तिचा ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताबही घेतला. ज्यांची घरे गेली, त्यांना हे कडू वाटणारच, आणि त्या कडवटपणाला मी उत्तर देऊ पाहत नाही. पण मोमंद यांनी वर कुराण नेले, पश्तूत संवाद साधला, मायदेशाची छायाचित्रे टिपली. हे सोहळ्यात बसणारे होते म्हणून खोटे ठरत नाही. १९९२ मध्ये काबूलमधली सोव्हिएत-समर्थित नजीबुल्लाह यांची राजवट कोसळल्यावर ते जर्मनीत श्टुटगार्टला गेले, तिथे छापखान्यात राबले. किताब देणारा देश त्याआधीच नकाशावरून नाहीसा झाला होता. त्यामुळे मोमंद यांचे मोल ठरवायला मॉस्कोचा शिक्का लागत नाही. त्यासाठी ६ सप्टेंबरची ती नोंद मला पुरेशी वाटते.